उभं पान, आडवी मुळं

४ ऑगस्ट १९८६

नाही म्हणाले! मॅनेजरसाहेबांनी चहा पाजला, बिस्किटं पुढे केली, विद्यापीठाचा कागद दोनदा वाचला आणि नाही म्हणाले. बाईमाणसाला खाली खाणीत उतरवता येत नाही. कायदा आहे. "ऊपर जितना चाहिए देखिए, मॅडम." वर काय बघू? वर घुग्घुस आहे. ते मी जन्मापासून बघतेय — धूळ, ट्रक, आणि ट्रकवरची धूळ.

मी म्हटलं, कायदा खाली कामाला जाणाऱ्या बायांसाठी आहे, मी तर बघायला चाललेय. साहेब म्हणाले, छत पडताना ते विचारत नाही, बघायला आलात की कामाला. आणि हसले. मीपण हसले. बिस्किट हातात होतं, दुसरं काय करणार!

बाहेर मुखरूभाऊ भेटले, बाबांच्या पाळीतले, ड्रिल चालवतात. "काय झालं, कांताबाई?"

"नाई म्हनलं."

"बरं झालं. बाई खाली उतरली का खान रुसते."

खाण रुसते, हे एमएस्सीला कुणी शिकवलं नाही.

५ ऑगस्ट

अजून राग आहे.

१० ऑगस्ट

आज आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "तू नेमकं काय शोधून राह्यली, ते एकदाचं सांग बरं. शेजारच्या बाया विचारतेत. मी सांगते, दगड. तं हासतेत." मग सांगितलं. तिला सांगताना मलाच नीट कळलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

कोळसा म्हणजे जुनं जंगल. पंचवीस-सव्वीस कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा इथं साग नव्हता, मोह नव्हता, पळस नव्हता. जिभेसारख्या लांबट पानांची झाडं होती, त्यांना ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. सगळीकडे दलदल. झाडं पडायची, पाण्यात कुजायची, त्यावर पुन्हा झाडं. त्या सगळ्याचा कोळसा झाला. इथपर्यंत भांडण नाही. भांडण पुढे आहे. हे जंगल इथंच वाढलं आणि इथंच गाडलं गेलं, की दुसरीकडे कुठे तरी वाढलं, पुरात उपटून वाहत आलं आणि आपल्याकडे नुसतं साचलं?

माझे गाईड — सर — म्हणतात, वाहून आलं. आयुष्यभर त्यांनी तेच शिकवलंय. मी म्हणते... मी अजून काही म्हणत नाही. पण मला ते जंगल इथलंच हवंय. हवं असणं हा पुरावा नव्हे, एवढं कळतं मला.

पुरावा कोळशाच्या खाली असतो. तिथला करडा, चिकणमातीचा दगड म्हणजे त्या जंगलाची जमीन. तिच्यात मुळं उभी गेलेली दिसली तर झाडं तिथंच वाढली. आडवी पडलेली दिसली तर वाहून आली. बस, एवढ्यासाठी खाली जायचं होतं!

आईनं भाकरी उलटवली. "मंग बाबाले सांग ना. ते तं रोजच जातेत खाली."

घ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

११ ऑगस्ट

बाबा तयार. बाबा खाणीत सरदार आहेत. सरदार म्हटल्यावर नागपूरच्या मैत्रिणींना घोडा आणि तलवार आठवते. आमच्या सरदाराकडे काठी आणि खडू. पाळी लागायच्या आधी काठीनं छत ठोकत जायचं, आवाज ऐकायचा, ठीक असेल तर खडूनं सही करायची. मगच बाकीच्यांनी पुढे यायचं.

"दगडच आनाचे ना? आनतो. त्यात काय!"

मी म्हटलं, "असातसा नको बाबा. पाण्याची नाली खणता ना, तिथला, कोळशाच्या खालचा. डब्याच्या पिशवीत मावंल एवढा. अन् जागेवरून काढायच्या आधी त्यावर बाण काढायचा. बाण नसला तं माझ्यासाठी तो नुसता धोंडा."

"बान?"

"हो, बाण."

"अवं, बान तं आमी रोजच काढतो," म्हणाले आणि खिशातला खडू दाखवला. झालं काम. उगाच मॅनेजरची बिस्किटं खाल्ली.

१९ ऑगस्ट

पहिला दगड आला! दुपट्ट्यात गुंडाळून, भाकरीच्या डब्याला खेटून. वर खडूचा ठसठशीत बाण, बाजूला 'श्रा', म्हणजे श्रावण, बाबांचं नाव. बाबांना वाटलं असणार, सही नसली तर दगड पास होणार नाही.

आत मूळ आहे! दोन बोटं जाड, आडव्या रेषांनी कप्पे पडलेलं, हुबेहूब पाठीच्या मणक्यासारखं. या मुळांना शास्त्रात नावही मणक्यावरूनच आहे. आई लांबूनच म्हणाली, "सापाचा मनका होय तो. घरात नोको ठेवू."

दगड मात्र एकजीव, मळलेल्या कणकेसारखा. कुठं थर नाही, रेघ नाही. बाण नसता तर वरची बाजू कुठली, खालची कुठली, देवालाही सांगता आलं नसतं (आमच्या घरी देवही नाही विचारायला). बाणावर पांढरा ऑइलपेंट फिरवला. टेबलावर ठेवला, बाण वर.

मूळ आडवं.

बरं. एका दगडानं काही ठरत नाही.

२ सप्टेंबर

आडवं. आडवं. आडवं. हाही आडवा.

७ सप्टेंबर

बाबा पहाटे जातात, दुपारी येऊन झोपतात. मी सकाळी टेबलावर एकेक दगड मांडते, चित्र काढते आणि दुपारी सगळे पेट्यांत भरून खाटेखाली ढकलते. संत्र्याच्या पेट्या आहेत, त्यामुळे सव्वीस कोटी वर्षांच्या दलदलीला नागपुरी संत्र्याचा वास येतो. आई म्हणते, कोणी मुलगा पाहायला आला आणि खाटेखाली वाकला तर काय सांगायचं? मी म्हटलं, पहिल्याच भेटीत खाटेखाली वाकणारा मुलगा आपल्याला नकोच.

आजच्या दगडात मुळाशेजारी एक पान निघालं. मधली शीर, जाळीदार नसा, सगळं स्पष्ट. इतकं सुंदर की चहा गार झाला. पण बाण वर करून ठेवला तर मूळ आडवं आणि पान — उभं! ताटाळ्यात ताट उभं करतात तसं, कडेवर उभं.

पान असं कसं राहील? पान पाण्यात पडलं की तरंगतं, भिजतं, तळाशी जाऊन सपाट पसरतं. कडेवर उभं राहून कोण गाडून घेईल?

२० सप्टेंबर

नागपूरला जाऊन आले. चित्रं दाखवली. सर इतके खूश झाले की स्वतः संत्रं सोलून दिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"एकही मूळ उभं नाही! म्हणजे वाहून आलेलं. कांता, तू प्रत्यक्ष पुरावा आणलास. जानेवारीच्या चर्चासत्रात तूच वाच."

मी पानाचं विचारलं. सर म्हणाले, "पुराचा जोर! गाळ दाट, पान अडकलं, तसंच गाडलं गेलं."

मी हो म्हटलं. उरलेलं संत्रं मात्र खाल्लं नाही, पिशवीत टाकलं. सर लबाड नाहीत. दगडांवर जे दिसतं तेच सांगताहेत. पण जंगल इथलं नव्हतं हे ऐकून वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. सव्वीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांसाठी बसमध्ये रडणारी मुलगी! शेजारच्या बाईनं विचारलं, "पोट दुखून राह्यलं का?"

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "वाहून आलं तं आलं. आपन कुठी इथले होतो? मूल गावाकडून आलो. कोनी बिलासपुराहून आलं, कोनी तेलंगनातून. घुग्घुसात सारेच वाहून आले." बाबांनी आणखी एक दगड पिशवीतून काढून ठेवला.

१६ ऑक्टोबर

चंद्रपूरला दीक्षाभूमी (नागपूरनंतर दोनच दिवसांनी इथंही दीक्षा झाली होती). गर्दी म्हणजे काय गर्दी! गेल्या साली आई हरवली होती आणि लाउडस्पीकरवरून "गिरजाबाई, घुग्घुस, जिथे असाल तिथून या" असं पुकारावं लागलं. जिथे होती तिथून ती येत नव्हती, कारण तिच्या मते हरवलो आम्ही होतो.

यंदा बाबांनी पुस्तकांच्या दुकानांपासून खांबाखांबावर खडूनं बाण काढले, थेट फाटकाबाहेरच्या कडुनिंबापर्यंत. "चुकलं कोनी तं बान पाहाचा अन् चालाचं. थांबाचं नाई." सुट्टीच्या दिवशीही खिशात खडू! मला मेली लाज वाटली. एकानं विचारलंसुद्धा, "काका, शौचालय इकडं हाय का?"

आई बांगड्यांपाशी चुकलीच. पण बाण धरून एकटी कडुनिंबाखाली येऊन बसली, आमच्याही आधी. परत येताना एसटीत सगळ्यांना सांगत होती. मी एक पुस्तक घेतलं, खूप भजी खाल्ली. पानाचा विचार दिवसभर आला नाही.

९ नोव्हेंबर

एटापल्ली. कमळाकडे आलेय. कॉलेजची मैत्रीण, इथल्या आश्रमशाळेत शिकवते. सर म्हणाले होते, पुरात वाहून आलेलं लाकूड कसं साचतं ते डोळ्यांनी बघून ये, म्हणजे प्रबंध भक्कम होईल. आलापल्लीच्या पुढे रस्ता असा की पोटातलं सगळं वर-खाली झालं, बाण कुठे काढावा कळेना. फॉरेस्टच्या नाक्यावर पिशवीत हातोडा सापडला. "सूरजागडचं लोखंड पाहाले चालल्या का?"

"नाई, पान."

शिपायानं कमळाकडे बघितलं. कमळानं मान हलवली — सोडा, अशीच आहे ती.

नदीच्या वळणावर गेलो. वारलूभाऊ सोबत, शाळेत पाणी भरतात. पावसाळ्यात अख्खी झाडं वाहून येऊन तिथं अडकली होती. मुळं वर, शेंडे खाली, एकावर एक, मध्ये कुणाचं टोपलं, कुणाची चप्पल, दाराची फळी. मुळं खरंच अस्ताव्यस्त. मान्य! सर म्हणतात तसंच. वहीत लिहूनही टाकलं.

मग त्या ढिगामधला वाळलेला गाळ फोडून बघत बसले. पानं खूप. सागाची, येनाची, बांबूची. पण जी होती ती पसरून, सपाट, एकावर एक पोळ्या ठेवल्यासारखी. एखादं दुमडलेलं, एखादं तिरकं. कडेवर सरळ उभं एकही नाही. गुडघे टेकून ऊन उतरेपर्यंत शोधलं.

वारलूभाऊ म्हणाले, "काय हारपलं, बाई?"

"पान."

त्यांनी मागे वळून पाहिलं. चारी बाजूंनी मैलोन्मैल जंगल. मग फार सभ्यपणे म्हणाले, "एकच होतं का?"

कमळा वाळूत लोळून हसली. पानाला गोंडीत 'आकी' म्हणतात, तेवढं शिकले.

१० नोव्हेंबर

चेष्टा सोडून. पुरातसुद्धा पान उभं राहत नाही. मग माझ्या दगडातलं का उभं आहे?

१ डिसेंबर

दगड संपले. ज्या भागातून बाबा आणत होते, तो काढून झाला. मधले कोळशाचे खांब काढून घेतात, मग छत सोडून देतात, ते आपोआप बसतं. तोंडाशी विटांची भिंत बांधली. जेवताना बाबा म्हणाले, "आता तिथी कोनी जानार नाई. कधीच नाई." भात कालवत राहिले. त्या भागात त्यांची किती वर्षं गेली असतील, मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "उभं मूळ एकही दिसलं नाही का हो तिकडं?"

"मले काय दिसते खालचं? माह्यी नजर वर राह्यते, पोरी. छताकडं."

म्हणजे आता पुन्हा बघायची सोय नाही. खाटेखाली आहे तेवढंच ते जंगल.

२० डिसेंबर

चंद्रपूरच्या टायपिस्टकडून शेवटचं प्रकरण आलं. 'ही झाडे इतरत्र वाढून प्रवाहाबरोबर येथे आली' — इंग्रजीत फार रुबाबदार दिसतं. खाली माझं नाव. उभ्या पानाला तळटीप दिली: पुराचा जोर. छोट्या अक्षरात. लाज वाटली की अक्षर लहान होतं.

सर म्हणतात, सत्र झालं की कॉलेजातली जागा नक्की. मला जागा हवीय. आईला सांगितलं तर तिनं शेजारी साखर वाटून टाकली. आता ती साखर परत थोडीच मागता येते!

३१ डिसेंबर

बाबा रिटायर झाले. शाल, भिंतीवरचं घड्याळ, दोन भाषणं. मॅनेजरसाहेब छान बोलले — यांच्या पाळीत कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. मुखरूभाऊ रडले. बाबांनी टोपीची बत्ती जमा केली. काठीपण. खडू कुणी मागितला नाही, तो खिशातच राहिला.

६ जानेवारी १९८७

बाबा दिवसभर घरी. पहाटे उठतात आणि मग काय करायचं ते कळत नाही. आज काठी नाही म्हणून लाटण्यानं स्वैपाकघराचं छत ठोकून पाहिलं. म्हणाले, ठीक हाय. आईनं लाटणं काढून घेतलं.

१० जानेवारी

उद्या नागपूर, परवा वाचन. पाठ झालंय. आरशासमोर दोनदा वाचलं. 'इतरत्र वाढून' म्हणताना दोन्ही वेळा डोळे खाली गेले.

११ जानेवारी

बॅग भरून झाली होती. निघायच्या आधी तो पानाचा दगड एकदा टेबलावर काढला, निरोप घ्यावा म्हणून. बाबा चहा घेऊन आले. एवढ्या महिन्यांत त्यांनी टेबलावर मांडलेला दगड पहिल्यांदा बघितला.

"हा असा काऊन ठेवला?"

"बरोबर आहे की बाबा. बाण वर."

"वर?" ते हसायलाच लागले. "वर काय हाय, पोरी? वर तं छत हाय! खानीतला बान बाहीर जायाची वाट दाखवते. बत्ती गेली, धूर झाला, तं मानसानं कुठी जाव? साऱ्या खांबांवर चुन्यानं काढले राह्यते. तुले नाई ठावं?"

नाही ठाऊक. कसं ठाऊक असणार! एकदा, एकदाच खाली उतरू दिलं असतं तर भिंतीभिंतीवर दिसले असते. आणि मी 'बाण काढा' म्हटलं, कुठे दाखवणारा ते सांगितलंच नाही. मला वाटलं, बाण म्हणजे वर. त्यांना वाटलं, बाण म्हणजे बाहेर. दोघांनाही विचारायचं सुचलं नाही.

बाबांनी दगड उचलला, आडवा केला, बाण दाराकडे. "हा असा होता जागेवर."

पान सपाट पसरलं. मूळ उभं राहिलं.

पेट्या ओढल्या. आता बाबा अंगणात एकेक दगड मांडताहेत, सगळे बाण फाटकाकडे, आणि एकेक मूळ उभं राहतंय. इथलंच होतं! इथंच वाढलं होतं! मी रडतेय, आई विचारतेय काय फुटलं, आणि टाइप केलेलं प्रकरण बॅगेत तसंच आहे. सरांना काय सांगायचं ते नंतर बघू. नागपूरची बस गेली.